पाळीवालीचं गाठोडं

पंचफुलाची जीभ म्हणजे वेचणी संपलेल्या कापसाच्या शेतातली वाळकी पराटी. जवळून गेलं की ओरबाडणारच. आदिलाबादजवळ, तामसीकडच्या तिच्या गावात सरपंचापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांनी तिचा प्रसाद घेतलेला. पण गावाच्या कडेला लेकरांसाठी बाळघर उभं राहिलं, तेही याच जिभेच्या जोरावर.

त्याआधी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या पळसाला लुगड्याची झोळी बांधायच्या आणि लेकरू मुंग्यांच्या भरवशावर टाकून शेतात शिरायच्या. पंचफुलाच्या सुरजच्या कानात अशाच मुंग्या शिरल्या. पोरगं दिवसभर किंचाळलं, आणि वर शेतमालकानं तिलाच सुनावलं, कामात ध्यान दे म्हणून. त्याच संध्याकाळी तिनं बाया गोळा केल्या.

"आळीपाळीनं एकीनं गावात राहाचं. सगळ्याइचे लेकरं तिच्यापाशी!"

"अन् तिची मजुरी?" सासूच्या आडून वृषालीनं हळूच विचारलं. कडेवर तान्ही चंचल. चारचौघांत तिनं तोंड उघडायची ती पहिलीच खेप.

वेचणीची मजुरी वजनावर. मग ठरलं, दुपारी लेकरांना पाजायला येताना प्रत्येकीनं आपल्या ओटीतला ओंजळभर कापूस आणायचा आणि पाळीवालीच्या गाठोड्यात टाकायचा. संध्याकाळी ते गाठोडं तिच्या नावानं काट्यावर चढायचं.

पुढं आदिलाबादच्या एका संस्थेनं हात दिला. टिनाचं छप्पर आलं, लेकरांना डाळभात, अंडी मिळू लागली. महिन्याला आयांची बैठक भरू लागली. लेकराशी काय काय बोलावं, काट्यावरचं वजन आपल्या डोळ्यांनी कसं पाहावं, बँकेत आपल्या नावाचं खातं कसं उघडावं, सगळं तिथं निघायचं. यंदा मात्र मदतीची मुदत सरत आली. ती वाढवायची की नाही, हे बघायला संस्थेच्या जान्हवी मॅडम येणार होत्या. त्यांनी होकार दिला नाही, तर झोळ्या परत पळसाला.

पंचफुलानं जमीन सारवून घेतली, पोरांना पावडर थापून रांगेत बसवलं. सगळं शहरातल्यासारखं दिसावं म्हणून पाळीवालीचं गाठोडंही कोपऱ्यात चादरीखाली दडपलं. तिथंच अक्कल शेण खायला गेली. दुपारच्या ओंजळी टाकून बाया शेतात परतल्या, मॅडम आल्या, आणि रांगेत बसून कंटाळलेल्या चंचलनं चादर ओढली. गाठ सुटली, पांढराशुभ्र कापूस जमिनीवर सांडला.

मॅडमचा चेहरा उतरला. "पंचफुलाताई, हा कापूस इथं कसा? मुलांकडून काही काम करून घेता का?"

"काय समजून राह्यल्या तुमी आमाले? आमी लेकरं राबवतो? निंघा इथून!"

शब्द सुटला आणि मग पंचफुलाच्या ध्यानात आलं. आपल्याच हातानं छप्पर उडवलं की काय! पण माघार घ्यायची सवय नव्हती, दाराकडं केलेला हात तिनं खाली घेतला नाही.

त्या दिवशी पाळी वृषालीची होती. ती भाताचा डाव हातात घेऊन पुढं आली.

"बसा मॅडम, पानी प्या. आमच्या ताईचा राग मिरचीवानी हाय, पान्यानं उतरते. हा कापूस माहा हाय. म्हंजे वेचला बाकीच्या बायाइनं, पन आज तो माहा." आणि तिनं ओंजळीची सगळी रीत सांगितली. सासूच्या आडून नाही, मॅडमच्या डोळ्यांत बघून.

"मग झाकून का ठेवला?"

"आमाले लाज वाटली," वृषाली म्हणाली. "तुमी म्हनसान, काय अडानी बाया हायेत."

"अहो, हेच तर आधी सांगायचं!" म्हणत मॅडम खाली बसल्या आणि चंचलसोबत सांडलेला कापूस गोळा करू लागल्या.

काही दिवसांनी फोन आला. मदत चालू राहणार होती. "तुम्ही मला हाकललंत, तेवढं मात्र वर कळवलं नाही हं," मॅडम हसत म्हणाल्या.

"मॅडम, लई उपकार..." म्हणत पंचफुलानं फोनलाच हात जोडले.

त्याच दिवशी दुपारी ती शेतातून आली ती थेट वृषालीपाशी. तिच्या ओटीत ओंजळभर कापूस टाकला.

"ताई, आज माही पाळी नाई. आज रुक्माबाईची हाय."

"मालूम हाय मले. तिले तिची देल्ली. हे तुही. बांध गाठ, जास्त बोलू नोको."

वृषालीनं गाठ बांधली. बोलायची मात्र ती आता थांबणार नव्हती, आणि पंचफुलाला त्याचंच बरं वाटत होतं.