दोनशे सातव्या ओळीतला प्रिंटर

रुग्णालयात तिला सगळे शिडीबाई म्हणत. ती मुळात फरशी पुसायच्या कामावर लागली होती. एकदा नेटवर्कची तार ओढणारे दोघे बाप्ये छतात चढायला कचरले, तेव्हा ही बाह्या सरसावून चढली, ती सव्वीस वर्षं उतरलीच नाही. कोणत्या खोलीतली तार कुठे जाते, हे तिला तोंडपाठ होतं. नकाशे फार नंतर आले, तेही तिलाच विचारून काढलेले.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना नवे साहेब आले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. ते नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला विचारायचं, कोण तू? उत्तर मिळालं तर ठीक. नाही तर यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा नंबर बघायचं, कारण त्याची सुरुवातीची अक्षरं कार्ड बनवणारी कंपनी सांगतात. मग ते यंत्र कोणाशी किती बोलतं याचा माग काढून ठरवायचं, हा कॅमेरा, हा प्रिंटर. म्हणजे आडनावावरून माणसाचा धंदा ओळखायचा! बऱ्याचदा जमतंही म्हणा.

एका दुपारी साहेबांनी तिच्यापुढे चारशे बारा यंत्रांची यादी सरकवली. "मावशी, खाली सही करा. सगळी यंत्रं प्रत्यक्ष पाहून खात्री केली, एवढंच लिहिलंय."

"पाहिली कोणी?"

"सॉफ्टवेअरनं. बिनकामाची सकाळीच नेटवर्कवरून तोडून टाकलीत."

तिने चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. साहेब घड्याळ बघत चुळबुळ करत राहिले. दोनशे सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'प्रिंटर, रक्तपेढी. तीन महिने गप्प. तोडला.'

"हा कसला प्रिंटर? ही रक्ताच्या फ्रिजवरची डबी आहे. फ्रिज तापला की सिस्टरच्या टेबलावरची घंटा वाजवते. मीच बसवलीय."

"कार्ड तर प्रिंटरच्या कंपनीचं आहे. आणि तीन महिन्यांत एक शब्द बोललेलं नाही."

"फ्रिज थंड आहे म्हणून बोललेली नाही. उगाच बडबडायला ती काय माणूस आहे?"

साहेब हसले, पण आवाज मऊ झाला नाही. "शंभरात दोन चुकतात, मावशी. नंतर बघू. सही नसेल करायची, तर उरलेले आठ महिने गोदामात बसावं लागेल."

नवरा रोज बजावत होता, जाईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. पण सव्वीस वर्षांचं काम कोणी असं धुडकावलेलं तिला सोसेना. ती ताडकन उठली. "गोदामात बसेन. आधी यादी घेऊन रक्तपेढीत चला."

रक्तपेढीत सिस्टर पुढच्या टेबलाशी लिहीत होती. "घंटा वाजली की हाक मार," असं तिला सांगून शिडीबाई साहेबांना मागच्या खोलीत घेऊन गेली. फ्रिजमध्ये बाटलीत बुडवलेली तापमानाची सळई तिने उचलली, रक्ताच्या पिशव्यांना धक्का न लावता बाहेर घेतली, दार लावलं आणि सळई मुठीत घट्ट धरली. डबीवरचे आकडे चढू लागले. चार, पाच, सहा. "सातला वाजायला हवी," ती म्हणाली. सात झाले, बारा झाले, डबीवर तांबडा दिवा लागला. बाहेर सिस्टरच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता.

वीस झाले तेव्हा तिने हाक मारली, "सिस्टर, वाजली का गं?"

"नाही बाई! वाजायची होती का?" सिस्टर आत आली, आकडा बघून तिचं तोंड पांढरं पडलं. "अगंबाई! सगळं रक्त तापून गेलं असतं आणि मी तिकडे नोंदी करत बसले असते!"

साहेबांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. "लगेच जोडून देतो. ती ओळही खोडतो. विषय संपला."

"जोडा. पण खोडायचं काही नाही. सही हवी होती ना? आणा ती यादी."

सळई बाटलीत ठेवून तिने हात पुसले. दोनशे सातव्या ओळीशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, 'हे यंत्र मी पाहिलं. सकाळपासून आत्तापर्यंत तोडलेलं होतं.' खाली वेळ घातली, सही केली आणि पेन साहेबांपुढे धरलं.

"तोडलं कोणी, ते तुम्ही लिहा."