जास्तच घासलेली आकाशगंगा

पेणजवळच्या जोहे गावच्या नूतनचं निम्मं आयुष्य पॉलिश पेपरात गेलं. सात वर्षांची असल्यापासून घरच्या गणपती कारखान्यात बसलेली. मूर्तीवरून हात फिरवायचा, खरखर लागली की घासायचं. रोह्याला एमएस्सीला गेली तरी हाताची खोड तीच राहिली, हे तिला कुठे माहीत!

तिच्या प्रोजेक्टला होती एक पिटुकली, फिकुटलेली आकाशगंगा. आतला वायू किती जोरात फिरतो त्यावरून तिथलं वजन कळतं. असल्या पिटुकल्यांत न दिसणारं डार्क मॅटर बहुतेक वेळा ढिगानं असतं. नूतनच्या गणितात निघालं शून्य! पुण्याच्या परिषदेत भाषण मिळालं, जोह्याच्या स्टॉपवर तिच्या फोटोचा बॅनर लागला.

आणि गुरुवारी तिच्या गाईडनी, डेबोरा मॅडमनी, आलेख नीट बघितले.

"नूतन, वायूच्या सिग्नलचे हे उंचवटे इतके अरुंद कसे गं?"

"रुंद होते मॅडम. कडा खडबडीत होत्या. घासल्या."

"घासल्या?"

"म्हणजे, नॉइज, नुसती खरखर, समजून काढल्या."

मॅडम हसल्या, मग खुर्ची पुढे ओढली. "अगं, ती रुंदी म्हणजे वायू आतल्या आत खदखदतोय. इतक्या लहान आकाशगंगेत ती खदखद फिरण्याएवढीच मोठी असते, आणि तीही वजन सांगते. ती हिशेबात धर बघू."

धरली. वजन चौपट झालं. डार्क मॅटर हजर.

"सोमवारी भाषण आहे," मॅडम म्हणाल्या. "काय कळवायचं ते तू ठरव."

नूतनला रडू यायला पाहिजे होतं. नाय आलं. एसटीत बसली, पेण कधी आलं कळलं नाय.

घरी आई, हौसा, मुकुटाला सोनेरी रंग देत होती.

"आये, माझं चुकलंय. भाषण मागं घ्यावं लागंल."

"कोनाला कलंल का?"

"मॅडम सोडून कोणाला नाय."

"मंग गप ऱ्हा ना गो!"

"खोटं कसं बोलू तिथं उभी राहून?"

"आनि मी पेढं वाटलं त्याचं काय? गावात काय सांगू?"

"सांग, पोरीनं जास्त घासलं."

हौसाचा ब्रश थांबला. "मूर्तीचं जातं तसं नाक गेलं व्हय?"

"अख्खी सोंडच गेली."

हौसानं मुकुट बाजूला ठेवला, भाकऱ्या थापायला उठली.

नूतननं परिषदवाल्यांना मेल टाईप केला: माझा निष्कर्ष चुकीचा आहे, भाषण रद्द करावं. परत वाचला पण नाय, पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. धन्यवाद, तुमची वेळ दुसऱ्याला दिली आहे.

तिनं ते तीनदा वाचलं. जणू दुसऱ्याच कुणाला आलेलं. हौसानं ताट वाढलं, तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव कसलीच लागली नाय.