सीपीयूतलं तुळशीचं पान

"याच्या हातचं काही टिकत नाही बावा," विनू म्हणाला आणि व्हरांड्यातली सगळी माणसं हसली.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. माझी जुनी खोड आहे ती. लोक आपल्यावर हसायच्या आत आपणच हशा सुरू करून द्यायचा, म्हणजे लागत नाही. लागतं. पण बाहेर ऐकू येत नाही.

मी उकिडवा बसलो होतो. समोर पसरलेल्या पेपरावर विनूच्या घरचा सीपीयू आडवा निजलेला. भोवती भंडाऱ्याकडून आलेले पाहुणे. बंद पडलेला कम्प्युटर आणि मयत, दोन्हींच्या भोवती लोक सारखेच बसतात, हे मी या धंद्यात शिकलो. एक म्हणतो, काल तर चांगला होता. दुसरा म्हणतो, वयही झालंच होतं म्हणा. तिसरा मागून विचारतो, जेवणाला किती उशीर आहे.

जेवणाला उशीर होताच. त्या दिवशी विनूच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. ते माझे काका. रक्ताचे नव्हेत, पण भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमचं आणि त्यांचं क्वार्टर भिंतीला भिंत लागून. माझा बाप आणि काका एकाच पाळीला सायकली काढायचे, पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, धुरातून एकाच रंगाचे होऊन परत यायचे. दारात उभे राहिले की दोघांतला कोण कुणाचा बाप, हे आम्ही पोरं चपलांवरून ओळखायचो. दोघं रिटायरही एकाच दिवशी झाले. त्या समारंभाची कुणीतरी व्हिडिओ कॅसेट काढली होती. पुढं मीच ती या कम्प्युटरमध्ये भरून दिली. कॅसेटला नंतर बुरशी लागली. आता काका त्या डब्यात होते. माझा बापही त्याच डब्यात होता.

काका त्या व्हिडिओत लांबलचक बोलतात. माझ्या बापाला धरून माइकपुढं आणतात, तर तो हात जोडतो आणि म्हणतो, "मी काय बोलू. मी सगळ्यायचा आभारी हाय." बस. मग खाली उतरतो. बाप गेला. त्याचा आवाज म्हणून जगात एवढंच शिल्लक आहे. माझ्याकडं त्याची प्रत नव्हती. काढीन काढीन म्हणत राहिलो. घर आपलंच, वाटेल तेव्हा जाऊन ऐकता येतं, असं मला वाटायचं.

पाहुण्यांना जेवणाआधी काका पाहायचे होते. विनूनं बटण दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. मग सुपेल्यात माझ्या दुकानात फोन आला. "डॉक्टर, ये बे लवकर. पेशंट गेला."

एरवी मी सरळ आत, देवाच्या खोलीत जायचो. स्मृती नगरातल्या या नव्या घरात कम्प्युटर तिथंच, देव्हाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर आहे. त्या दिवशी विनू सीपीयू उचलून बाहेरच घेऊन आला. म्हणाला, आज आत सोवळं आहे, तू इथंच पाहून घे. मी म्हटलं, बरं. श्राद्धाचा दिवस. असतं.

आता गंमत अशी की ही तिसरी वेळ होती. याआधी दोनदा तोच डबा असाच मेला होता आणि दोनदा मीच उठवला होता. पहिल्यांदा रॅम खराब निघाली. दुसऱ्यांदा पॉवर सप्लाय. दोन्ही वेळा मी स्वतःला शिव्या दिल्या. चांगला माल टाकत नाहीस, नीट बसवत नाहीस, म्हातारा झालास. भिलाईच्या काळ्या धुळीला दिल्या. म्हणून विनू म्हणाला तेव्हा मी हसलो. मला ते खरंच वाटत होतं. माझ्या हातात काही दोष आहे, असं.

मी नाडी पाहायला घेतली. पाहुणे होते, मग मीही जरा नाटक केलं. पॉवर सप्लायच्या गुच्छातली हिरवी तार आणि काळी तार कागदाच्या पिनेनं जोडली. पंखा भर्रकन फिरला. म्हटलं, बघा, श्वास आहे. एक म्हातारे पाहुणे खूष झाले, म्हणाले, याले तर मंतर येते. मग रॅम काढली, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासले, परत बसवली. नाही उठला. मग मोबाइलचा टॉर्च लावून मी आत डोकावलो.

आमच्याकडं उन्हाळ्यात कम्प्युटरचं पोट उघडं ठेवतात. बाजूचा पत्रा काढायचा आणि पंखा त्यावर सोडायचा, नाहीतर तो तापून बसतो. विनूला हा सल्ला मीच दिला होता. त्या उघड्या पोटात, हिरव्या बोर्डावर, डाग होते. पांढरट, कडेला हिरवे. गळतीचा डाग एका जागी साचतो. हे थेंब होते. लांब लांब पडलेले, कुणीतरी हात झटकल्यासारखे. मी जवळ नाक नेलं. आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांत, एक पान अडकलेलं दिसलं. चिमट्यानं काढलं. वाळून कडक झालेलं. तरी वास होता.

तुळस.

माणसाला सगळं एकदम कळत नाही. आधी हातांना कळतं. माझ्या हातांनी चिमटा खाली ठेवला होता.

काकू दारात उभ्या होत्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर. माझी आई गेली तेव्हा याच बाईनं मला पोटाशी धरलं होतं. निदान मला तसं आठवतं. मी ते पान तळहातावर घेऊन त्यांना दाखवलं आणि विचारलं, काकू, हे आत कसं गेलं?

त्यांनी लपवलं नाही. लपवलं असतं तर बरं झालं असतं.

"तू गेला का मी शिंपडते जरासं," काकू म्हणाल्या. "देवाची खोली हाय ना बाबू. गोमूतर अन् तुळशीचं पाणी. तू हात लावला राहते ना सगळीकडं. तुह्या मनात काही नाही, मले माहीत हाय. तू तर माह्या पोरासारखा. पण नेम तो नेम."

किती मायेनं म्हणाल्या. एखाद्या पोराला औषध कडू का असतं ते समजावून सांगावं, तसं.

मी तिथंच बसलेला होतो, पण माझं सगळं बालपण माझ्यासमोर उठून उभं राहिलं आणि एकेक गोष्ट कूस बदलायला लागली. सेक्टर दोनमध्ये मे महिन्यातल्या दुपारी मी आणि विनू त्यांच्या फरशीवर लोळायचो. मी उठून घरी निघालो की काकू लगेच फडकं घेऊन फरशी पुसायच्या. मी आईला सांगायचो, काकूंसारखं तूही कर, त्यांची फरशी किती गार राहते. आई हातातलं काम करत राहायची. त्यांच्याकडं माझा एक कप होता, काठाचा टवका उडालेला. दुसऱ्या कुणाला त्यात चहा मिळत नसे. मी विनूला चिडवायचो, तुझ्या घरात माझा कप आहे, माझ्या घरात तुझा आहे का? बुद्ध पौर्णिमेला आई खीर करायची. आमच्या भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हार घालून झाला की पहिली वाटी शेजारी जायची. काकू वाटी घासून, चकचकीत करून परत पाठवायच्या. ती खीर कुठं रिकामी होत होती, ते मी कधी विचारलं नाही. आईला माहीत असणार. बापाला नक्की माहीत होतं. आणि तो आभारी होता.

मी विचारलं, "काकू, लहानपणी मी उठलो का तुम्ही फरशी पुसत होत्या. तेबी?"

काकूंनी पदर सावरला. "तवा तर सासूबाई होत्या घरात. त्यायचं पाहावं लागे."

आता सासूबाई कुठं होत्या? मी तेही विचारणार होतो. तेवढ्यात विनू माझ्या खांद्याशी वाकला. माझा मित्र. माझ्याबरोबर एकाच डब्यातलं जेवलेला, माझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेला.

"मनावर नको घेऊ यार," तो कानात म्हणाला. "मी आईले सांगतो, कमी शिंप म्हणून."

कमी शिंप. त्याला माहीत होतं. आधी दोनदा डबा मेला, दोनदा मी माझ्या हाताला दोष दिला, तेव्हाही तो शेजारीच उभा होता आणि त्याला माहीत होतं. काकूंचा नेम मी कदाचित गिळला असता. मोठी बाई, जुनं वळण, अशी काहीतरी पुडी बांधून मी ती खिशात टाकली असती. अशा पुड्या बांधण्यात माझं आयुष्य गेलं. पण विनूचं ते कुजबुजणं घशाखाली उतरेना.

मी ते पान पेपरावर ठेवलं. मधोमध, सगळ्यांना दिसेल असं. पाहुणे वाकून पाहायला लागले. त्यांना वाटलं, आता डॉक्टर आणखी एक गंमत दाखवणार. मी आयुष्यभर गमती दाखवल्या. आमच्या टोळीतला सोंगाड्या मीच. नकला मीच करायचो, लग्नात वऱ्हाड मीच हसवायचो. आता कळतं की हसवणाऱ्याला सगळे घरात घेतात, आणि तो गेल्यावर फरशी पुसतात.

"माह्या हातानं नाही मेला हा," मी म्हणालो. "माहा हात धुवाच्या नादात मेला."

कुणी हसलं नाही. कुणाची मान खाली गेली, असंही झालं नाही. ते म्हातारे पाहुणे म्हणाले, बाबू, आज दिवस कोणता, अन् तू बोलतो काय. दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. विनू म्हणाला, बरं बरं, चालू तर करून दे, लोक थांबले हायेत.

चालू झाला असता. स्पिरिट आणि जुना टूथब्रश माझ्या बॅगेत होता. डाग पुसले असते, बोर्ड वाळवला असता, काका बोलले असते. त्यांच्यामागून माझा बापही बोलला असता. मला तो ऐकायचा होता. देवाशपथ नाही म्हणत मी, बापाशपथ सांगतो, त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

मी बॅगेची चेन लावली.

उठलो तशा काकू दारातून म्हणाल्या, "जेवून जा रे. तुहं ताट काढून ठेवलं मी." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं पाणी. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ताटही वेगळंच काढलेलं होतं. दोन्ही खरं. मी फाटकाबाहेर आलो, स्कूटर सुरू केली आणि सुपेल्याच्या चौकापर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

पुढं बऱ्याच दिवसांनी विनू दुकानात आला. सीपीयू पायांत धरून, स्कूटरवर. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, दुसऱ्या कुणाला दाखवला नाही, बाबाचा व्हिडिओ हाय, कुणी उडवून टाकला तर? तूच कर. आई रडून राहिली, काहून येत नाही तो म्हणते. इतका का कुणी राग धरते?

मी पाहिलं त्या डब्याकडं. बाजूचा पत्रा बसवलेला होता. चारही स्क्रू आवळून. म्हणजे शिंपडणं चालूच राहणार होतं. आत जाऊ नये, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

हात गेला होता माझा. स्क्रूड्रायव्हर उचललाही होता. मग खाली ठेवला.

"काकूले घेऊन ये," मी म्हटलं. "इथं बसू दे. माह्या माठातलं पाणी पिऊ दे. मंग उघडतो."

"पागल झाला का बे. ती येते का इथं?"

"नाही आली तर हा बंद राहू दे."

"यात तुहा बाप पण हाय," विनू म्हणाला. त्याला वाटलं, हा शेवटचा पत्ता.

मला माहीत आहे माझा बाप त्यात आहे. तो आत काय म्हणतो, तेही पाठ आहे. तो आभारी आहे. मी नाही.

विनू डबा घेऊन गेला. आता कुणाच्याही घरून फोन आला की मी बॅग उघडायच्या आधी पाणी मागतो. आत बसून, घरातल्या पेल्यात. काही जण देतात. काहींना एकदम आठवतं की कम्प्युटर तसा ठीक आहे. त्यांचा बंदच राहतो. काकू अजून आलेल्या नाहीत. माठ मी रोज सकाळी भरतो. दुकानात पेला एकच ठेवला आहे. येणारे सगळे त्यातच पितात. त्यांनाही त्यातच प्यावं लागेल.