आई वाचणार नाही

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईकडे टीव्ही नव्हता. पहिल्यांदा गेले तेव्हा मला आधी तेच दिसलं, कारण आम्हा लोकांच्या हॉलमध्ये सगळ्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे असतात. तिच्या खुर्च्यांची तोंडं पुस्तकांच्या कपाटाकडे होती. ती केनियातल्या मोंबासाची, इथे मस्कतमध्ये एका खासगी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नर्स. वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती, तिचा पाण्याचा कॅन आम्ही दोघींनी मिळून वर आणला आणि तिने मला चहाला आत बोलावलं. ओळख झाली ती एवढ्यावरच.

कपाटात सगळे कृष्णवर्णीय लेखक. नायजेरियातले, अमेरिकेतले, कॅरिबियन बेटांवरचे, लंडनमध्ये वाढलेले, आणि त्यातही जास्त करून बायका. मी विचारलं, "बाकीच्यांचं वाचत नाहीस का?"

"बाकीच्यांचं शाळेत वाचलं," ती म्हणाली. "परीक्षासुद्धा दिली."

त्या दिवशी मी एक पुस्तक सहज उचललं आणि चहा गार झाला तरी खाली ठेवलं नाही. त्यात एक मावशी भाचीला ओरडते, उन्हात खेळू नको, आणखी काळी होशील. मी काळी आहे. सावळी हा शब्द स्थळं बघताना वापरायचा असतो. बारावीनंतरची माझी अख्खी सुट्टी बेसन आणि सायीच्या लेपाखाली गेली, आणि तीच गोष्ट कुठल्या लांबच्या देशातल्या बाईने आधीच लिहून ठेवली आहे हे बघून मला राग यायच्या ऐवजी हसू फुटलं. मराठीत मी कमी वाचलेलं नाही, पण माझ्या रंगाची मुलगी तिथे बहुतेक वेळा नायिकेच्या लग्नात पंगतीला वाढत असायची. इथे ती चिडत होती, प्रेमात पडत होती, पैसे उधळत होती आणि पानंच्या पानं आपला रंग विसरूनही जात होती. ते विसरणं मला सगळ्यात आवडलं.

तिचा नियम एकच होता. पुस्तक उसनं मिळणार नाही. इथे बसून वाचा, आवडलं तर स्वतःचं विकत घ्या. आपल्या माणसांची पुस्तकं आपणच विकत घेतली नाहीत तर ती पुढचं कशाच्या जोरावर लिहिणार, असं तिचं म्हणणं. 'आपल्या माणसांत' तिने मला न विचारता धरलं होतं आणि मी हरकत घेतली नाही.

आमचा मराठी बायकांचा वाचनाचा गट होता. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचो आणि पुस्तकापेक्षा बटाटेवड्यांवर जास्त बोलायचो. मी या लेखिकांचा विषय काढला तेव्हा आधी नाकं मुरडली गेली, "आफ्रिकेचं आपल्याला काय कळणार?" आणि मग व्हॉट्सॲपवर ताबडतोब प्रश्न आला, "पीडीएफ आहे का?" मी तो समोरच्या मैत्रिणीला सांगितला, आमच्या वड्यांच्या गोष्टीसकट. तिने शांतपणे विचारलं, "वड्यांची पीडीएफ चालेल का त्यांना?" मी तसंच्या तसं गटावर टाकलं. काही दिवस गटावर गुड मॉर्निंगही आलं नाही. मग एकीने पुण्याहून येणाऱ्या दिराच्या सामानात चक्क प्रती मागवल्या, आणि पुढच्या बैठकीला वडे गार झाले.

त्याच सुमारास समोरचीने कबूल केलं की ती स्वतःही सुट्टीच्या दिवशी कादंबरी लिहिते आहे. तिच्या गावातला एक छोटा प्रकाशक ती छापणार होता. मस्कतमध्येही तिला छोटासा कार्यक्रम करायचा होता आणि त्यात पुस्तकाबद्दल मी बोलायचं, असं आमचं ठरलं. "पहिली वाचक तूच," ती म्हणाली. मला तेव्हा सातवा महिना होता.

आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

मला रडू आलं नाही. लोक डबे घेऊन आले. देवाची इच्छा, म्हणाले. अजून वय गेलेलं नाही, म्हणाले. मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात राहणाऱ्या एक बाई खास गाडी काढून आल्या आणि म्हणाल्या, "एक आहे ना पदरात, त्यातच सुख मानायचं." मी सगळ्यांपुढे मान डोलावली, चहा केला, डबे धुऊन परत दिले. मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. फोडणी करताना मोहरी तडतडली की नाही ते मला ऐकू यायचं नाही, वास आला की कळायचं, जळली.

वाचन तर सुटलंच. ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून गेलेली असायची. मी पुस्तकं मिटून ठेवली आणि त्याचंही काही वाटलं नाही.

अशात तिची कादंबरी छापून आली. कुणाच्या तरी बॅगेतून प्रती मस्कतला पोहोचल्या, त्यातली पहिली तिने माझ्या टीपॉयवर आणून ठेवली. "वाच किंवा नको वाचूस," ती म्हणाली. "पण कार्यक्रमाला ये, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी." जाताना दारात तिने माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, काळजी करू नकोस, आई वाचेल. मुलगी चौथीत होती. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, मराठी फक्त आज्जीशी फोनवर. पुस्तक बरेच दिवस टीपॉयवर पडून राहिलं. शुक्रवार जवळ येत होता. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पुस्तकाकडे बघायची, मग माझ्याकडे.

एका दुपारी ती हॉलमध्ये फोन स्पीकरवर टाकून साताऱ्याला माझ्या आईशी बोलत होती. मी आत पलंगावर बसले होते. सगळं ऐकू येत होतं, पण आत शिरत नव्हतं.

"आई काय करते गं?"

"बसलीये. आज्जी, आई आता वाचत नाही."

"काय म्हणालीस?"

"समोरची नर्स आंटी म्हणाली, आई वाचेल. पण मला नाही वाटत आई वाचेल."

तिकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मुलगी म्हणाली, "आज्जीची रेंज गेली," आणि बिस्किटं खायला निघून गेली.

थोड्या वेळात नवरा दारात. माझ्या आईचा फोन जाताच रुवी भागातल्या ऑफिसमधून तो तसाच निघाला होता, गळ्यात ओळखपत्र, घामाने निथळलेला. नर्स आंटी म्हटल्यावर त्याने आधी तिचंच दार बडवलं होतं, त्यामुळे मागे तीही होती, हातात ब्लडप्रेशरचं मशीन आणि डोक्याला ओला टॉवेल. त्याने मला खांद्याला धरून उभं केलं. "काय होतंय तुला? मला आधी का नाही सांगितलंस?" मला वाटलं, कुणाला तरी काहीतरी झालंय. विचारायची इच्छा होईना. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला आणि स्क्रीनवर माझ्या आईचं नुसतं कपाळ दिसलं. आई ओक्साबोक्शी रडत होती. "पोरी, डॉक्टरांनी काय सांगितलं ते खरं सांग. मी येते. आजच निघते."

गुंता सुटायला वेळ लागला. मुलगी रडकुंडीला येऊन ओरडत होती, "मी बुकचं बोलत होते! बुकचं!" मग नवरा मटकन खाली बसला. त्याने मैत्रिणीला इंग्रजीत समजावलं की मराठीत पुस्तक वाचणं आणि मरणातून वाचणं याला एकच शब्द आहे.

"एकच?" तिने विचारलं.

"एकच. आमच्या कधी लक्षातही येत नाही."

तिने मशीनचा पट्टा गुंडाळून ठेवला. माझी मुलगी मात्र विचारात पडली होती. नाक पुसत ती बापाला म्हणाली, "मला तो दुसरा मीनिंग माहीत नव्हता." आणि जरा थांबून, "पण ते पण वाटत होतं मला."

मी तेव्हाही रडले नाही. फक्त माझ्या पोटात खोलवर काहीतरी हललं, आणि दुखलं. किती तरी दिवसांनी मला काहीतरी दुखलं होतं.

पहिली सावरली ती माझी आई. तिला घाबरवलेलं अजिबात खपत नाही, मग ती दुसऱ्याला कामाला लावते. "कुठलं ते पुस्तक? घे हातात," ती म्हणाली. "माझ्यासमोर वाच. मला दिसलं पाहिजे वाचताना."

"आई, इंग्रजी आहे."

"मग मला काय परीक्षा द्यायचीये?"

मी वाचायला लागले. एक पान झालं, दुसरं झालं. ओळी येत होत्या नि जात होत्या. आई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती, एक अक्षर न कळता. अचानक तिने मला थांबवलं. "कचुंबर म्हणालीस?"

"कचुंबरी. त्यांच्याकडेही असते. कांदा-टोमॅटोची."

"मग नीट सांग की. कोण खातंय?"

मग मला सांगावं लागलं. मोंबासाच्या धक्क्यावर एक म्हातारी फळांच्या फोडी विकते. एक लग्न जमवणारी बाई म्हातारीच्या नातीला बघायला येते आणि मुलगी फारच काळी म्हणून तोंड वाकडं करते. म्हातारी गोड हसून तिला जेवायला बसवते आणि कचुंबरीत मूठभर मिरच्या घालून वाढते. पाहुणीने वाढलेल्याला नाही म्हणायचं नसतं, म्हणून ती बाई डोळ्यांतून पाणी काढत सगळं संपवते. "आणखी वाढू?" असं म्हातारी विचारते, ते मी म्हातारीच्या आवाजात म्हटलं, आणि मला हसू आलं. नाकातून भसकन यावं तसं. आई तर फोनसकट हलायला लागली. "बरी खोड मोडली," ती म्हणाली. हसून झाल्यावर मला भीती वाटली, आपण हसलो हे चालतं का? पण खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर आई रोज दुपारी फोन करायची, "काल कुठे होतो आपण?" मी आधी पुढचं वाचून ठेवायचे, मग तिला मराठीत सांगायचे. तिने त्या म्हातारीची बाजू घेतली ती कायमची. लेखिका चुकते कुठे, हेही ती मला सांगायची. मी ते समोर जाऊन कळवायचे, आणि लेखिका हसत हसत ऐकून घ्यायची.

मग तो भाग आला. धक्क्यावर नवी आलेली कोळीण म्हातारीला विचारते, मुलं किती? म्हातारी म्हणते, सहा. नातीला माहीत असतात चार. ती आजीला हटकते, तेव्हा आजी फोडी करता करता म्हणते, ती दोघं राहिली नाहीत, पण आली होती ना, म्हणून मोजली.

मी हे आईला सांगत होते. "आली होती" म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली.

मग मी रडले. उशीत तोंड न खुपसता, मोठ्याने, मुलगी घरात असताना. फोन पलंगावर उताणा पडला होता, आईला नुसतं छत दिसत असणार. तिने फोन ठेवला नाही.

ठरलेल्या शुक्रवारी मदिनत सुलतान काबूसमधल्या एका कॉफी शॉपच्या माडीवर कार्यक्रम झाला. माझी मैत्रीण पिवळ्या झग्यात टेबलामागे उभी होती आणि घाबरली होती. आमचा अख्खा गट आला. पीडीएफवालीने तर दोन प्रती घेतल्या, एक नणंदेला. मी मिरच्यांचा प्रसंग सांगितला, लोक हसले, आणि टेबलावरच्या प्रती संपल्या. मला आनंद झाला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तो होईल असं मला वाटलं नव्हतं.

नंतर कॉफी घेताना मस्कतला नव्यानेच आलेल्या एक बाई बोलायला आल्या. आपल्याकडे ओळख करून घेताना विचारतात तेच. किती वर्षं झाली इथे? मिस्टर कुठे असतात? मुलं किती?

मुलगी माझ्या शेजारीच ज्यूस पीत उभी होती.

"दोन," मी म्हणाले.

तिने तोंडातली स्ट्रॉ काढली आणि वर माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईंकडे वळून म्हणाली, "मी मोठी."