कॉम्प्युटरातली गटारं

आमच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या प्रत्येक फाईलला नंबर असतो, किस्स्यांना नसतो. तरी फाईल शोधायला अर्धा दिवस जातो आणि किस्सा मात्र चहा यायच्या आत सापडतो! सांगलीत आमचं चौघांचं डिझाईन ऑफिस आहे. रस्ते, त्यांच्या कडेला उभे लावायचे कर्बचे दगड आणि त्यांना लागून जाणारी गटारं, हे सगळं आधी सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं, हे आमचं काम. पूल-बोगदे करणाऱ्यांकडं सांगायला मोठ्या गोष्टी असतील. आमच्याकडं गटारं आहेत.

* * *

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. आमचे साहेब पाटील सर. त्यांनी मला साताऱ्याचा एक रस्ता करायला दिला. गटाराची खोली टाकताना आकड्याआधी उणे चिन्ह द्यायचं असतं. ते माझ्याकडून राहिलं. मी अभिमानानं थ्रीडी मॉडेल उघडलं. सर चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"गटार कुठाय?"

"हे काय सर, दोन्ही बाजूंना."

खड्ड्याच्या जागी रस्त्याच्या दोन्ही कडांना सलग भिंत उभी होती!

सर शांतपणे म्हणाले, "छान झालंय. फक्त अजिंक्यताऱ्याच्या तटबंदीचं काम आपल्याकडं कधी आलं, तेवढं सांग."

* * *

सर्व्हेचं काम तात्यांकडं. तात्या कुंडलचे, फौजेतून रिटायर झालेले. ठरल्या जागी काठी उभी करून उंचीचा पॉइंट घ्यायचा म्हणजे घ्यायचाच. एकदा त्यांच्याच गावाकडच्या सपाट रस्त्यात मॉडेलमध्ये मधोमध टेकडी निघाली. आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणजे मिरजेची स्नेहल. तिनं फोन लावला.

"तात्या, तिथं चढ आहे का हो?"

"न्हाई."

"मग हा एक पॉइंट तीन मीटर वर कसा?"

"आगं, तितं उसाची ट्रॉली हुबी हुती. डायवर जेवायला गेलता. मग काठी घिऊन वर चढलो."

"अहो, सॉफ्टवेअरनं गटार ट्रॉलीवरून नेलंय!"

"मग ऱ्हाऊ दे तसंच. कारखान्यापातुर जाऊ दे!"

* * *

सांगलीतल्या एका गल्लीचा रस्ता होता. लोकांना कळावं म्हणून आम्ही त्याचं थ्रीडी चित्र मीटिंगमध्ये दाखवलं. चित्रात चालती माणसं टाकायची तर सॉफ्टवेअरकडं होती ती सगळी परदेशी. त्यामुळे आमच्या कर्बवरून लांब कोट घातलेली एक गोरी बाई कुत्रं घेऊन निघाली होती.

पुढच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी नीट निरखून विचारलं, "ही पाव्हणी कुणाच्यात आलीया?"

कुणी हात वर केला नाही.

"कुणाची का असंना," आजोबा म्हणाले, "कुत्रं बांधून फिरवती. आमच्या गल्लीला दाखवा जरा!"

* * *

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याचं काम आलं. मी सगळीकडं एकाच उंचीचा कर्ब ओढला होता. मॉडेल कसं सरळ, देखणं दिसत होतं. स्नेहल म्हणाली, "दवाखान्याच्या गेटसमोर कर्ब उतरवायला हवा." सर म्हणाले, "पंधरा सेंटिमीटर तर आहे. एवढ्यानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला तिथं घेऊन गेली. शेजारच्या रस्त्यावर तेवढ्याच उंचीचा कर्ब होता. एक वॉर्डबॉय आणि पेशंटचा मुलगा मिळून व्हीलचेअर वर चढवत होते. चाक दोनदा अडलं. तिसऱ्या वेळी खुर्चीतल्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. सर धावले, मीही धावले.

खुर्ची वर गेल्यावर वॉर्डबॉयनं आमच्या हातातलं ड्रॉइंग पाहिलं. "सायेब, तुमच्या कॉम्प्युटरात पेशंट चालत येत्यात व्हय?"

ऑफिसात पोचताच सर मला एवढंच म्हणाले, "सगळी गेटं मोज."

* * *

साताऱ्यात एका उतारावरच्या रस्त्याला पिठाची गिरणी आहे. ती चालवतात त्या आक्का एकट्याच. दर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी गिरणीत शिरायचं. मोटर दोनदा जळली होती. गव्हाची पोती कायम विटांवर ठेवलेली.

त्या रस्त्याचं काम आमच्याकडं आलं तेव्हा सरांनी लॅपटॉप उघडून पाण्याचे निळे बाण दाखवले. "आक्का, हे बघा. पाणी समोरच्या बाजूला जातंय."

"ह्यात जात आसंल," आक्का म्हणाल्या. "माज्याकडं येतंय."

सरांना ते आवडलं नाही. पण तात्या उंची मोजायचं मशीन लावून बसले. आम्ही दर दहा मीटरवर लेव्हल घेतली होती. गिरणीचं दार नेमकं दोन पॉइंटांच्या मधे होतं आणि तिथं रस्ता खाली दबला होता. सॉफ्टवेअरनं दोन पॉइंट सरळ जोडले आणि आक्कांचा खड्डा कागदावरून गायब झाला! आम्ही कर्ब आणि गटार, दोन्ही नव्यानं केलं.

काम झाल्यावर आम्ही चौघं बघायला गेलो. ऊन रणरणत होतं. आक्कांनी आम्हाला पाहिलं. आत जाऊन पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आल्या. सरांनी हात पुढं केला.

"थांबा," आक्का म्हणाल्या. आणि तांब्या दारासमोर रस्त्यावर रिकामा केला.

पाणी जरा घुटमळलं. मग कर्बच्या कडेकडेनं, गिरणीला पाठ करून, थेट गटाराच्या जाळीत गेलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत आक्का बघत राहिल्या. आम्हीही.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "च्या टाकते."