तीन एकरांचा जाळ

औसा तालुक्यात दयानंद बिराजदारांचा तीन एकर ऊस आहे. तोडणी झाली की उरलेलं पाचट पेटवून द्यायचं, हे त्यांच्या वडिलांपासूनचं. एका दुपारात शेत मोकळं व्हायचं.

त्यांची थोरली मुलगी तनुजा लातूरला एका क्लासमध्ये विज्ञान शिकवते. घरी आली की म्हणायची, "अण्णा, कारखान्यांचा कोळसा, गाड्यांचं डिझेल, आपलं पाचट, सगळ्यांच्या धुरातला वायू वर साचून राहिलाय. ऊन वाढलंय ते त्यानंच."

"सगळं गाव जाळतंय. माझ्या तीन एकरानं असं काय तापणार हाय?"

गेल्या वर्षी मार्चमध्येच पारा एक्केचाळिसावर गेला. त्या दिवशी शिवारात तीन ठिकाणी पाचट पेटलं होतं. दुपारी वारा फिरला आणि जाळ शेजारच्या सरजाबाईंच्या गोठ्यावर गेला. साठी उलटलेल्या सरजाबाई एकट्याच राहतात. त्यांनी विळ्यानं दावी कापून दोन्ही म्हशी बाहेर हाकलल्या. जीव वाचले, गोठा गेला.

आग कुणाच्या शेतातून आली हे कुणालाच सांगता येईना. दयानंदांना मात्र ठाऊक होतं. बांधावरून जाळ सरकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दोन दिवस त्यांना घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सरजाबाईंच्या दारात गेले.

"मावशी, आग माझ्याच शेतातली व्हती."

म्हशीला पाणी पाजणाऱ्या सरजाबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. "म्हाईत हाय मला. तू येतोस का न्हाई, तेच बघत व्हते."

दयानंदांनी पुढं होऊन पाण्याची बादली उचलली.

"आलास न्हवं? मग जळके पत्रे उतरव अन् लाग कामाला."

आठवड्याभरात गोठा उभा राहिला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे दयानंद पुन्हा पोटभर जेवू लागले. तनुजाला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तीन एकरानं काय व्हतं, ते बघितलं बाई मी."

यंदा त्यांनी भाड्यानं यंत्र आणून पाचटाची कुट्टी केली आणि सरीतच पसरली. खाली ओल टिकली, पाण्याच्या दोन पाळ्या वाचल्या. मग गेल्या वर्षी त्याच दिवशी पाचट पेटवलेल्या बाकीच्या दोघांकडं ते स्वतः गेले. एकानं लगेच ऐकलं. दुसरा, गुरुपादप्पा, "बघू" म्हणाला. दयानंद दर आठवड्याला त्याच्याकडं जाऊन बसतात. तो चहा पाजतो, विषय टाळतो; पण त्याचं पाचट अजून शेतात तसंच पडून आहे, पेटवलेलं नाही.