बटणांच्या गावाचा वास

नव्या पाटीकडे पाहून ओडेलिया क्रेब्सला शिसारी आली. मिसिसिपीकाठच्या एल्डर्स लँडिंगमधला बटणांचा जुना कारखाना आता ‘ऐतिहासिक वास्तू’ झाला होता. विटा घासूनपुसून गुलाबी केल्या होत्या, दारात लॅव्हेंडर लावलं होतं, आणि पितळी पाटीवर लिहिलं होतं: ‘मोत्यासारखी बटणे घडवत येथे हसरे हात रमले.’ रमले म्हणे!

चौदाव्या वर्षापासून ओडेलिया इथं बटणांसाठी नदीतले शिंपले उकळून त्यातलं मांस खरवडत होती. सडक्या मांसाचा तो वास केसांत, पावात, अंथरुणात शिरायचा. चर्चमध्येही कारखान्यातल्या पोरींच्या शेजारचा बाक रिकामा राहायचा. कामावर थोरली बहीण हर्था तिच्या बाजूलाच बसायची. एकदा शिंपल्याची कड हर्थाच्या तळव्यात घुसली. हात सुजला, काळा पडला आणि नवव्या दिवशी ती गेली. दहाव्या दिवशी तिच्या स्टुलावर दुसरी मुलगी होती.

पाटीवर हर्थाचं नाव यावं, एवढंच ओडेलियाचं मागणं होतं. शताब्दी समितीकडे तिनं तीन अर्ज केले. समितीच्या अध्यक्षा मिसेस हॅल्डेन म्हणजे मालकाची नात.

“ओडेलियाबाई, पाटीवर जागा कुठंय? पण उद्घाटनाला तुम्ही बोला ना! जुन्या आठवणी, गोड गोड. त्या वासाचं तेवढं काढू नका हं, केक कापायचाय.”

“बरं,” ओडेलिया म्हणाली. मासेवाल्याकडून तिनं बादलीभर शिंपले आणले, उकळले, आणि घट्ट झाकणाच्या पातेल्यात चार दिवस उन्हात ठेवले.

उद्घाटनाला ती पातेलं घेऊन मंचावर चढली. म्हातारीनं काहीतरी खायला केलंय असं वाटून मिसेस हॅल्डेननी टाळ्याही वाजवल्या. ओडेलियानं झाकण काढलं.

बँड बंद पडला. लोक नाकाला रुमाल लावून मागं सरले. कुणीतरी लॅव्हेंडरमध्येच ओकलं.

“शी! बंद करा ते! काय हा घाणेरडेपणा!” मिसेस हॅल्डेन किंचाळल्या.

“पोरी, याच घाणीतून तुमच्या घरी पियानो आला. घे, हुंग. माझी बहीण हर्था क्रेब्स, वय सतरा, याच्यातच मेली.”

मैदान रिकामं होत गेलं. मागच्या रांगेतल्या पाच-सहा म्हाताऱ्या मात्र उठून पुढं आल्या. एकीनंही नाक दाबलं नव्हतं. पातेल्याभोवती उभ्या राहून त्या या कामानं गेलेल्या पोरींचं एकेक नाव सांगू लागल्या. लीना. बर्नाडीन. टिली. धाकटी रोझिना.

निम्मी नावं ओडेलियानं कधी ऐकलीही नव्हती. तिच्या तिन्ही अर्जांत नाव एकच होतं.